ओहमचा नियम

जर्मनीतील एर्लांगेन या गावी इ. स. १७८९ मध्ये गेऑर्ग ओहम याचा जन्म झाला. त्याचे वडील कुलपे घडविण्याचा धंदा करीत. शाळेचे शिक्षण त्यांना लाभले नव्हते. तथापि स्वतःच्या प्रयत्नाने त्यांनी गणित आत्मसात केले होते आणि आपल्या मुलांना ते स्वतःच तो विषय शिकवीत. पुढे धाकटा मार्टिन गणितज्ञ म्हणून नावारूपास आला. थोरला गेऑर्ग १८१७ मध्ये कोलोन येथील विद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागला.

तारेतून वाहणारा विद्युत्प्रवाह तार लांबविली की क्षीण होतो, हे त्या काळी ठाऊक होते. किती क्षीण होतो, हे मात्र कोणी निश्चितपणे सांगू शकत नव्हते. ओहमने १८२५ मध्ये मोजमापास प्रारंभ केला. परंतु त्याच्याजवळच्या विद्युत्‌घटाचा जोर प्रयोग चालू असतानाच उतरत जाई. माप घ्यावयाचे आणि मापण्याची काठीच आखडत जावयाची, अशातला तो प्रकार होता. त्यामुळे त्याने प्रथम प्रसिद्ध केलेले सूत्र चुकीचे ठरले. तेव्हा पोगेंडॉर्फ या शास्त्रज्ञाने त्याला निराळा मार्ग सुचविला. दोन भिन्न धातूंचे सांधे एक उष्ण व एक थंड ठेवल्यास प्रवाह उत्पन्न होतो, असा शोध झेबेक याने १८२१ मध्ये लावला होता. ओहमने बिस्मथ व तांबे यांचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला. उकळते पाणी आणि वितळते बर्फ यांचे तापमान बदलत नाही. म्हणून विजेचा दाबही स्थिर राहिला. मग सारख्या जाडीच्या, पण दोन इंचांपासून एकशे तीस इंचांपर्यंत वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून, टांगलेल्या चुंबकसूचीच्या साहाय्याने त्याने प्रवाह मोजला. या वेळी आकडे जुळले.

१८२७ मध्ये त्याने हे सर्व विवेचन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्याचे स्वागत झाले नाही. त्या ग्रंथाने प्राध्यापकपद मिळेल, ही आशा फोल ठरून ओहमने कोलोनची नोकरीही सोडली. स्वतःच्या देशात उपेक्षा झालेल्या या शिक्षकाला १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले. म्यूनिक विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे अध्यासन त्याला १८५२ मध्ये मिळाले, आणि दोनच वर्षांनी त्याचे निधन झाले.

ज्या नियमासाठी एवढा खटाटोप झाला, तो एका ओळीत मावतो. तारेचे तापमान न बदलल्यास तिच्या दोन टोकांमधील दाबाला तिच्यातील प्रवाहाने भागले असता भागाकार नेहमी तोच येतो. या भागाकारास त्या तारेचा रोध म्हणतात. दाब व्होल्टमध्ये आणि प्रवाह अँपिअरमध्ये मोजला, की रोध ओहममध्ये मिळतो. दाब व प्रवाह यांचा गुणाकार केला म्हणजे शक्ती येते; ती वॅटमध्ये सांगतात.

विजेच्या शेगडीवर ‘२३० व्होल्ट, १००० वॅट’ असे लिहिलेले असते. १००० ला २३० ने भागले असता प्रवाह सुमारे ४.३५ अँपिअर निघतो. आता २३० ला ४.३५ ने भागावे. शेगडीच्या तारेचा रोध सुमारे ५३ ओहम येतो. उन्हाळ्यात एखाद्या गावी दाब उतरून १८४ व्होल्ट झाला, तर प्रवाह सुमारे ३.४८ अँपिअरवर येईल आणि शक्ती ६४० वॅटच उरेल. दाब एक-पंचमांशाने घटला, शक्ती मात्र एक-तृतीयांशाहून अधिक घटली. कारण दाबाबरोबर प्रवाहही घटतो. शेगडी बिघडली, असा ग्रह करून घेणाऱ्याने हे गणित आधी करून पाहावे.

‘तापमान न बदलल्यास’ ही अट मात्र विसरता कामा नये. तंतूच्या जुन्या पद्धतीच्या ६० वॅटच्या दिव्याचा रोध याच रीतीने सुमारे ८८० ओहम येतो. तोच दिवा विझलेला असताना मोजला, तर रोध याच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतो. तंतू थंड असताना प्रवाहास फारसा अडथळा नसतो. म्हणूनच असे दिवे पुष्कळदा बटण दाबण्याच्या क्षणीच जातात.

आता त्याच शेगडीच्या प्लगमध्ये तारेचा जोड सैल आहे आणि तेथे केवळ १ ओहम रोध आहे, असे समजा. एकूण रोध ५४ ओहम झाला. प्रवाह सुमारे ४.२६ अँपिअर होईल. शेगडीच्या तापण्यात डोळ्यांना काही फरक दिसणार नाही. पण त्या जोडावर ४.२६ व्होल्ट दाब खर्च होईल, आणि ४.२६ ला ४.२६ ने गुणिले असता १८ वॅट येतात. ऐसपैस शेगडीच्या मानाने १८ वॅट काहीच नव्हेत. एका लहानशा स्क्रूच्या टोकाशी मात्र ते फार होतात. प्लग आधी हाताला कोमट लागतो, मग पिवळा पडतो, मग काळवंडतो. फ्यूजची तार या संकटात वितळत नाही. कारण प्रवाह वाढलेला नसून, उलट थोडा कमीच झालेला असतो.