दात घासण्यातील काही चुका

दात घासणे ही इतकी नित्याची गोष्ट आहे की तिच्याविषयी लेख लिहिण्याजोगे काय आहे, असे पुष्कळांस वाटेल. परंतु जे आपण रोज करतो त्याकडे सहसा कोणी निरखून पाहत नाही. आमच्या लोधीखेड्यात सकाळी कोणी कडुनिंबाची वा बाभळीची काडी चावीत असतो, कोणी बोटावर मंजन घेतो, कोणी ब्रश चालवितो. साधने निराळी, पण समजूत एकच : जोर जितका अधिक, तितके दात स्वच्छ. काळवंडलेले पातेले घासावे तसे दात घासले जातात. आमच्या मते सर्वांत मोठी चूक हीच होय.

दातावरील पांढरे कवच, म्हणजे इनॅमल, हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. तथापि मोडलेले हाड सांधते; झिजलेले इनॅमल मात्र पुन्हा वाढत नाही. राख, कोळशाची पूड किंवा कडक ब्रश यांनी आडवे रगडल्यास हिरड्या मागे सरतात, दाताचे मूळ उघडे पडते आणि थंड पाणी लागताच कळ येते. वास्तविक जे काढावयाचे असते, तो जंतूंचा थर अगदी मऊ असतो. त्याला मऊ ब्रश पुरतो. ब्रश हिरडीच्या कडेशी तिरपा धरून हलक्या हाताने, थोड्या थोड्या जागेत फिरवावा. आतल्या बाजू व मागच्या दाढा सोडू नयेत. याला दोन मिनिटे तरी लागतात.

हॉलंडमधील लेव्हेनहुक रोज सकाळी मिठाने दात चोळीत असे. तरीही १६८३ साली त्याने आपल्याच दातांच्या फटींतील पांढरा मळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात असंख्य सजीव हालचाल करताना दिसले. चोळणे झाले होते. फटी राहिल्या होत्या.

हे जंतू अन्नातील साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने इनॅमल विरघळू लागते. दिवसा लाळ हे आम्ल धुऊन काढते. झोपेत लाळ कमी होते. म्हणून रात्री जेवणानंतर दात घासणे सकाळपेक्षाही महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच आपल्या बहुतेक घरांत होत नाही. हे काही पाश्चात्त्यांचे खूळ नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात काडीचे टोक ठेचून, दिवसातून दोन वेळा, हिरड्यांना इजा न होईल अशा रीतीने दात घासण्यास सांगितले आहे. काडी आपण राखली, बाकीच्या दोन सूचना मात्र विसरलो!

आपला सौंसर-पांढुर्ण्याचा भाग संत्र्यांचा. बहाराच्या दिवसांत मुले बागेतून संत्री खात येतात. संत्रे अवश्य खावे. पण त्याच्या आंबट रसाने इनॅमल काही वेळ नरम पडते. तेव्हा लगेच ब्रश करू नये. पाण्याने चूळ भरून अर्धा तास थांबावे.

मिसरी आणि गुडाखू यांविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. त्यांना दात साफ करण्याची वस्तू म्हणतात, पण आत तंबाखू असते. तिने हिरड्या बिघडतात, व्यसन जडते आणि तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारत सरकारने १९९२ साली बंदी केली. घरातील वडीलधाऱ्यांना हे मुलांनीच नम्रपणे सांगावे.

त्याऐवजी फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी घ्यावी. तीन वर्षांच्या आतील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. पेस्ट गिळू नये. ब्रशचे केस वाकले की, किंवा तीनेक महिन्यांनी, ब्रश बदलावा.

सुमारे सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या जागी कोणताही दुधाचा दात पडत नाही, म्हणून ती आली हे घरात कोणाच्या ध्यानातच येत नाही. 'दुधाचीच आहे, पडेल' असे म्हणून तिची कीड तशीच राहू दिली जाते. आणि ती तर जन्मभराची दाढ असते! घरातील धाकट्या भावंडास उजेडात बसवून त्याचे तोंड एकदा उघडून पाहावे, आणि सात-आठ वर्षांचे होईपर्यंत रात्रीचा ब्रश ताईने किंवा दादाने स्वतःच्या हाताने फिरवावा.