झडपांची वेळ आणि कॅमशाफ्टची जुळणी

वाराणसी येथे 1961 साली स्थापन झालेल्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स या कारखान्यातून जानेवारी 1964 मध्ये पहिले डिझेल लोकोमोटिव्ह बाहेर पडले. त्याचा मूळ आराखडा अमेरिकेतील आल्को कंपनीचा होता. त्या कंपनीने 1969 मध्ये लोकोमोटिव्ह बांधणे बंद केले; वाराणसीत मात्र तिच्या 251 जातीच्या एंजिनाची बांधणी पुढे कित्येक दशके चालू राहिली. या एंजिनात आठ-आठ सिलिंडरांच्या दोन रांगा इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे तिरप्या बसविलेल्या असतात. प्रत्येक सिलिंडरचा व्यास सुमारे 228 मिलिमीटर व दट्ट्याची धाव सुमारे 267 मिलिमीटर, म्हणजे एकेका सिलिंडरात जवळजवळ 11 लिटर हवा मावते. मिनिटाला 1000 फेरे घेताना असे एंजिन आरंभी 2600 अश्वशक्ती देत असे. पुढे त्याच सोळा सिलिंडरांतून 3100 आणि 3300 अश्वशक्तीही मिळविण्यात आली. ही वाढ समजून घ्यायची तर झडपा केव्हा उघडतात आणि केव्हा मिटतात, हे आधी पाहिले पाहिजे.

हे चार धावांचे एंजिन आहे. हवा आत घेणे, ती दाबणे, ज्वलनाने दट्ट्या खाली रेटणे आणि जळालेले वायू बाहेर टाकणे ही चार कामे क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत पुरी होतात. प्रत्येक झडप या चक्रात एकदाच उघडावयाची असल्याने ती उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. या साध्या प्रमाणाचा परिणाम जुळणी करणाऱ्याला सतत ध्यानी ठेवावा लागतो: कॅमशाफ्ट एका अंशाने चुकीचा बसला, तर क्रँकशाफ्टच्या हिशेबात ती चूक दोन अंशांची होते. झडपांच्या सर्व वेळा क्रँकशाफ्टच्या अंशांतच मोजण्याची प्रथा आहे.

मिनिटाला 1000 फेरे म्हणजे सेकंदाला 6000 अंश. एक अंश सेकंदाच्या सहा हजाराव्या भागात सरतो. एवढ्याशा अवधीची पर्वा कशाला करावयाची, असे वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. पण प्रवेश आणि निष्कास या दोन्ही झडपा काही काळ एकदम उघड्या ठेवलेल्या असतात. निष्कासाची धाव संपत आलेली असते व प्रवेशाची सुरू व्हावयाची असते, तेव्हाचा हा काळ होय. कारखान्यात त्याला ओव्हरलॅप म्हणतात. टर्बोचार्जरने दाबलेली थंड हवा या वेळी सिलिंडरातून आरपार वाहते, उरलेले तप्त वायू झाडून काढते आणि जाता जाता दट्ट्याचा माथा, निष्कास झडप व टर्बोचार्जरची पाती यांना थोडी थंडावा देते. भारतीय रेल्वेच्या या एंजिनांत पूर्वी हा काळ 123 अंशांचा होता. इंधनबचतीसाठी केलेल्या सुधारणांत तो 140 अंशांवर नेण्यात आला. फरक 17 अंशांचा, म्हणजे पूर्ण वेगात सेकंदाच्या तीन हजारांशांहूनही कमी.

या सुधारणेलाही किंमत आहेच. एंजिन मंद गतीने नुसते चालू असते तेव्हा टर्बोचार्जर पुरेसा दाब निर्माण करीत नाही, आणि लांबलेल्या ओव्हरलॅपमध्ये निष्कासातील वायू उलट आत शिरू शकतात. स्थानकावर तासन् तास उभ्या राहणाऱ्या लोकोमोटिव्हच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. कॅमचा आकार ठरविणारा अभियंता म्हणून नेहमी एका भाराला झुकते माप देत असतो. जुळणी करणाऱ्याला तशी मुभा नसते. ठरलेला अंश त्याने गाठलाच पाहिजे.

त्याची सुरुवात दट्ट्याचा सर्वांत वरचा बिंदू शोधण्यापासून होते. हे काम वाटते तितके सोपे नाही. झोपाळा टोकाला पोहोचला की क्षणभर थांबल्यासारखा दिसतो, तसा दट्ट्याही वरच्या टोकाजवळ क्रँकशाफ्ट काही अंश फिरला तरी हललेला जाणवत नाही. म्हणून टोक थेट शोधीत नाहीत. डायल गेज लावून दट्ट्या वर येताना एका ठरावीक उंचीवर खूण करतात, टोक ओलांडून तो तितकाच खाली उतरला की दुसरी खूण करतात, आणि दोन्ही खुणांमधील अंतर दुभागतात. तोच खरा शून्य अंश. शाफ्ट फिरवावयाचा तो नेहमी चालण्याच्याच दिशेने. दातांमधील मोकळीक त्यामुळे एकाच बाजूला राहते. खूण चुकून पुढे गेली, तर थोडेसे मागे आणून भागत नाही; बरेच मागे नेऊन पुन्हा त्याच दिशेने यावे लागते. घाईत हा नियम मोडण्याचा मोह फार होतो.

यानंतर दंतचक्रे जुळवितात. समजा कॅमशाफ्टचे चक्र साठ दातांचे आहे. एक दात चुकला तर कॅमशाफ्ट 6 अंशांनी व क्रँकशाफ्टच्या हिशेबात 12 अंशांनी वेळ ढळेल. अशा एंजिनात वर येणारा दट्ट्या उघड्या झडपेवर आदळण्याचा संभव असतो. दात जुळणे ही झाली ढोबळ जुळणी. बारीक जुळणीसाठी अनेक एंजिनांत चक्र व शाफ्ट यांच्या जोडातील छिद्रांत थोडा फेरफार करण्याची सोय असते, आणि जागा पक्की झाली की खुंटी ठोकून ती कायम करतात.

झडप नेमकी कधी उघडली, हेही डोळ्यांनी कळत नाही, कारण कॅमचा चढ अगदी हळू सुरू होतो. म्हणून ठरावीक उचल झाल्यावरच अंश वाचतात. टॅपेटची फट आधी बरोबर राखलेली नसेल, तर हे वाचन फसवे ठरते. फट जास्त असल्यास झडप उशिरा उघडते व लवकर मिटते, आणि कॅमशाफ्ट अचूक बसविलेला असूनही ओव्हरलॅप दोन्ही टोकांनी आखडतो. दुरुस्तीच्या शेडमध्ये कॅमशाफ्टला हात लावण्यापूर्वी फट तपासतात, ती याचसाठी.

प्रत्येक रांगेला स्वतंत्र कॅमशाफ्ट असून त्यावर एकेका सिलिंडरसाठी तीन कॅम असतात, तिसरा इंधनपंपाचा. झडपांसाठी शाफ्ट सरकविला की इंधनाची वेळही सरकते आणि पंप पुन्हा जुळवावे लागतात. शाफ्ट लांब असल्यामुळे पंपांचा प्रतिकार त्याला पीळ देतो. इंधनपंपाच्या दांड्याचा व्यास 15 वरून 17 मिलिमीटर करण्यात आला, तेव्हा हा भार वाढला. अधिक ताठ कॅमशाफ्टही त्या सुधारणांत आला, तो उगाच नव्हे. एका टोकाशी साधलेली वेळ दुसऱ्या टोकापर्यंत टिकली पाहिजे.

जनरल मोटर्सशी 1995 मध्ये झालेल्या करारानंतर वाराणसीत दोन धावांची एंजिनेही आली. त्यांत हवा सिलिंडरच्या भिंतीतील छिद्रांतून शिरते व झडपा फक्त निष्कासाच्या असतात. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्याच गतीने फिरत असल्यामुळे तेथे चूक दुपटीने वाढत नाही. 2020 साली कारखान्याचे नाव बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाले, आणि त्याआधीच तेथील बांधणीचा मुख्य भर विजेच्या लोकोमोटिव्हवर गेला होता. विजेच्या मोटरला झडपा नसतात. जुनी आल्को एंजिने जेथे अजून चालतात, तेथे मात्र आजही डायल गेज लावून शून्य अंश शोधावा लागतो.