जस्ताचा तुकडा

उत्तर अमेरिकेतील सरोवरांत ॲल्युमिनियमच्या होड्या वर्षानुवर्षे सुखाने वावरतात. हवा लागताच या धातूवर अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो. तोच तिचे चिलखत होय. परंतु अशी जुनी, मोठी होडी समुद्रात मासेमारीसाठी न्यावयाची असेल, तर हे चिलखत पुरे पडत नाही. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते या पापुद्र्याला भेदतात.

म्हणून जाणता कारागीर प्रथम होडी ओंडक्यांवर ठेवून तिच्यात थोडे पाणी भरतो. बाहेर जेथे थेंब ठिबकेल, तेथे खूण करून सैल झालेले रिवेट तो पुन्हा घट्ट बसवितो. कुजलेल्या फळ्या बदलतो. तांबे मात्र तो होडीत मुळीच राहू देत नाही. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांस चिकटले, की त्यांच्यातून विद्युत्प्रवाह वाहू लागतो व ॲल्युमिनियम झिजते. तळाशी विसरलेले तांब्याचे नाणेसुद्धा भोक पाडू शकते. आणि भर समुद्रात ते जिवावर बेतते.

शेवटी पाण्याखालच्या भागावर तो जस्ताचे तुकडे जोडतो. जस्त आधी झिजते, म्हणून होडी वाचते. तांब्याच्या पत्र्याने मढविलेल्या जहाजांसाठी सर हंफ्री डेव्ही यांनी १८२४ साली हीच युक्ती सुचविली होती. झिजलेला तुकडा वेळीच बदलावा मात्र लागतो.

मुलांनो, होडीचा नवा रंग सर्वांच्या नजरेत भरतो. तिला राखणारा तुकडा पाण्याखाली कोणालाच दिसत नाही.

स्वाध्याय : होडीत तांबे का राहू देत नाहीत? जस्ताचा तुकडा का बदलावा लागतो?