दोन मजल्यांचे शहर

(ब्राझीलमधील साल्वादोर हे पोर्तुगीजांनी वसवलेले जुने शहर. तेथील वास्तू पाहताना कोणता प्रश्न मनात ठेवावा, हे या पाठात सांगितले आहे.)

जगाचा नकाशा उघडा आणि दक्षिण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बोट ठेवा. तेथे ब्राझील देशात साल्वादोर हे शहर आहे. पोर्तुगालच्या राजाच्या हुकमावरून तोमे द सोझा याने १५४९ साली ते वसवले. त्याआधी १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकला होता. गोव्याहून मायदेशी परतणारी काही जहाजे साल्वादोरच्या बंदरात थांबत. आपल्या कोकणातला काजूही मूळचा ब्राझीलचाच! १७६३ पर्यंत साल्वादोर ही ब्राझीलची राजधानी होती.

हे शहर जणू दोन मजली आहे. खाली समुद्राकाठी बंदर आणि बाजार. वर टेकडीवर वाडे, चर्च आणि कचेऱ्या. १८७३ मध्ये सुरू झालेली लासेर्दा लिफ्ट हे दोन भाग जोडते. सुमारे ७२ मीटरचा चढ माणूस अर्ध्या मिनिटात पार करतो. पण लिफ्ट नव्हती तेव्हा? तेव्हा आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेले गुलाम सारी ओझी वाहून वर नेत. मालक पालखीत बसत. ती पालखीही गुलामांच्याच खांद्यावर असे.

वर गेल्यावर थोडे चालले की पेलोरिन्यो हा भाग लागतो. उतरता दगडी रस्ता आणि दोन्ही बाजूंना पिवळी, निळी, गुलाबी घरे! १९८५ मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराचा जागतिक वारशात समावेश केला. प्रवासी येथे हौसेने छायाचित्रे काढतात. पण ‘पेलोरिन्यो’ म्हणजे काय? गुलामांना ज्याला बांधून चाबकाचे फटके मारत, तो खांब! खांब गेला, नाव राहिले.

जवळच सेंट फ्रान्सिसचे चर्च आहे. त्याचे बांधकाम १७०८ मध्ये सुरू झाले. आतले लाकडी कोरीवकाम सोन्याच्या वर्खाने मढवलेले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच चर्चच्या छताचा काही भाग कोसळला आणि एका तरुण प्रवासी स्त्रीचा मृत्यू झाला. जुन्या वास्तूंचे नुसते कौतुक पुरत नाही, त्यांची निगाही राखावी लागते.

उतारावर निळ्या रंगाचे रोझारिओ चर्च दिसते. कृष्णवर्णीयांनी ते स्वतःसाठी बांधले. काम १७०४ मध्ये सुरू झाले आणि पुरे व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. कारण बांधणाऱ्यांचा दिवस मालकाच्या कामात जाई; उरलेला वेळ तेवढा त्यांचा.

जानेवारी १८३५. रमजानचा महिना होता. ‘माले’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आफ्रिकी मुसलमानांनी एका रात्री बंड केले. त्यांत गुलाम होते, तसे मुक्त झालेलेही होते. काही तासांतच बंड मोडले गेले. सत्तरहून अधिक माणसे मारली गेली. मग झडत्या सुरू झाल्या. घराघरांतून अरबी लिपीतले कागद सापडले. त्यांत दुआ होत्या आणि गिरवलेले धडेही होते. तुम्ही उर्दू लिहिता, तशीच ही लिपी उजवीकडून डावीकडे लिहिलेली! लिहिता येणे हाच गुन्ह्याचा पुरावा ठरला. ब्राझीलमध्ये गुलामगिरी बंद झाली, ती १८८८ मध्ये. त्या कागदांपैकी काही आजही तेथील सरकारी दप्तरखान्यात जपून ठेवलेले आहेत.

मुलांनो, मोठ्या इमारतींवर बांधवून घेणाऱ्यांची नावे असतात. दगड वाहणाऱ्यांची नसतात. सहलीला एखादा किल्ला पाहायला जाल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा : हे दगड वर कोणी चढवले?

शब्दार्थ
वास्तू – इमारत
वर्ख – सोन्याचा किंवा चांदीचा अतिशय पातळ पत्रा
निगा – काळजी
झडती – तपासणी
दप्तरखाना – जुनी कागदपत्रे ठेवण्याची जागा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) साल्वादोर शहर कोणी वसवले?
(आ) ‘पेलोरिन्यो’ या शब्दाचा अर्थ काय?
२. रोझारिओ चर्च पुरे व्हायला इतकी वर्षे का लागली?
३. ‘लिहिता येणे हाच गुन्ह्याचा पुरावा ठरला’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. तुमच्या गावातील एका जुन्या वास्तूविषयी पाच वाक्ये लिहा.