मक्याच्या दाण्यांची कोशिंबीर

मका हे तृणधान्य आहे. ज्वारी, बाजरीसारखाच तो गवताच्या कुळातला. आमच्या गावात ज्यांच्या विहिरीला पाणी टिकतं ते उन्हाळी मका करतात. तो वैरणीला जातो, पण कोवळी कणसं माणसांनीही खावीत.

मक्याची एक गंमत आहे. झाडाच्या शेंड्याला तुरा येतो आणि खाली कणीस लागतं. कणसाच्या टोकाला जे केस दिसतात, त्यातला एकेक केस एकेका दाण्याचा असतो. तुऱ्यातले परागकण केसावर पडले तरच तो दाणा भरतो. नाही पडले तर कणीस तेवढ्या जागी बोळकं राहतं. दाण्यांच्या ओळी जोडीजोडीनं येतात. आम्ही ५ कणसांच्या ओळी मोजल्या : १२, १४, १४, १६, १४. सगळ्या सम संख्या!

साहित्य : २ कोवळी कणसं, १ काकडी, २ टोमॅटो, १ लहान कांदा, कोथिंबीर, २ चमचे शेंगदाण्याचा कूट, अर्धं लिंबू, चवीला मीठ.

कृती :
१) कणसं तोडली की लगेच उकडावीत. ठेवली तर दाण्यातल्या साखरेचं पीठ होत जातं व गोडी कमी होते. उकडायचं काम आईला किंवा ताईला सांगावं. गार झाल्यावर दाणे अंगठ्यानं काढावेत.
२) हात साबणानं धुवावेत. काकडी, टोमॅटो, कोथिंबीर पिण्याच्या पाण्यानं स्वच्छ धुवावी. ते पाणी फेकू नये, कढीपत्त्याला घालावं.
३) काकडीची चव बघावी. कडू असेल तर घेऊ नये.
४) सगळं बारीक चिरून दाण्यांत मिसळावं. कूट घालावा, लिंबू पिळावं.
५) मीठ अगदी जेवायला बसताना घालावं.

मीठ शेवटी का? आम्ही वर्गात प्रयोग केला. दोन वाट्यांत काकडीच्या फोडी ठेवल्या. एकीत मीठ घातलं, दुसरीत नाही. थोड्या वेळानं मिठाच्या वाटीत पाणी साचलं व फोडी मऊ पडल्या. मीठ फोडीतलं पाणी बाहेर ओढतं. लोणच्याच्या कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं, ते यामुळेच.

काकडीच्या १०० भागांत सुमारे ९५ भाग पाणी असतं. लिंबू, टोमॅटोत क जीवनसत्त्व असतं. ते शिजवल्यानं कमी होतं, म्हणून कच्चं खाणं चांगलं.

पण कच्चं खाताना जपावं लागतं. गेल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावानं जत्रेत उघड्यावरची चिरलेली काकडी खाल्ली. त्याला जुलाब झाले, तालुक्याला नेऊन सलाईन लावावं लागलं. मग आजी घरात काकडीच आणू देईना. गुरुजींनी तिला समजावलं, "आजी, दोष काकडीचा नाही. माशांचा अन् न धुतलेल्या हातांचा आहे." आता आजी स्वतः काकडी धुऊन देते आणि भाऊ दोन वाट्या कोशिंबीर खातो.

म्हणून पालकांनो, मुलांना काकडी, टोमॅटो बंद करू नका. धुऊन द्या, झाकून ठेवा, चिरलेलं त्याच जेवणाला संपवा.

करून बघा : कणीस खाण्याआधी त्याच्या ओळी मोजा आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. विषम संख्या कुणाला मिळते का ते पाहू.

— इयत्ता चौथी