विण्याच्या तारखेवरून जनावर केव्हा फळले हे कसे काढावे

गाय अथवा म्हैस गाभण असल्याचे पशुवैद्यक तपासून सांगतात आणि विण्याची अंदाजी तारीखही देतात. पुढे मात्र प्रश्न निघतो तो मागच्या तारखेचा. बाजारातून गाभण म्हणून घेतलेली म्हैस कधी फळली? दोनदा रेतन झालेल्या गाईस कोणते रेतन लागू पडले, आणि वासरू कोणत्या वळूचे म्हणून नोंदवावयाचे? दिवस उलटून गेले असे समजून जिला विण्याचे इंजेक्शन देण्याची घाई चालली आहे, तिचे दिवस खरोखर भरले आहेत काय? या शेवटच्या प्रश्नात चूक झाली तर अपुऱ्या दिवसांचे वासरू जन्मास येते, ते पुष्कळदा जगत नाही आणि गाईचा वारही अडकतो.

गाईचा गर्भकाळ सुमारे 280 दिवसांचा व म्हशीचा सुमारे 310 दिवसांचा असतो. देशी गाई पुष्कळदा चार-पाच दिवस अधिक घेतात. इतके दिवस बोटांवर मागे मोजणे कष्टाचे आहे, म्हणून पुढील रीत वापरावी. विण्याच्या तारखेत गाईसाठी 85 व म्हशीसाठी 55 दिवस मिळवावे आणि जी तारीख येईल तिचे वर्ष एकाने कमी करावे. गाय 10 जूनला विणार असेल, तर 85 दिवसांनी 3 सप्टेंबर येते. म्हणजे ती मागील वर्षीच्या 3 सप्टेंबरच्या सुमारास फळली. मध्ये 29 फेब्रुवारी आल्यास एका दिवसाचा फरक पडतो, त्याची चिंता करू नये.

गाईचा माज संपल्यावर सुमारे 10 ते 12 तासांनी अंडे सुटते. त्यामुळे रेतनाचा दिवस व गर्भ राहण्याचा दिवस यांत फार तर एका दिवसाचे अंतर पडते. स्त्रियांच्या बाबतीत दवाखान्यात 280 दिवस शेवटच्या पाळीपासून मोजतात आणि गर्भ त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी राहतो. ती वजाबाकी गोठ्यात आणू नये.

आता मुख्य गोष्ट. विण्याची तारीख कशावरून काढली, हे प्रथम विचारावे. ती रेतनाच्या पावतीवरून काढली असेल, तर उलटे मोजून पुन्हा पावतीवरचीच तारीख हाती येणार. त्याने काहीच सिद्ध होत नाही. ती हाताने तपासून काढली असेल, तर तपासणी कोणत्या महिन्यात झाली ते पाहावे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातील अंदाज बराच जवळचा असतो. पुढील महिन्यांत तो सैल होत जातो, आणि बाजारात विकणाऱ्याने सांगितलेले महिने तर निव्वळ बोलणेच होय.

समजा, एका गाईस 13 ऑगस्टला रेतन केले. एकवीस दिवसांनी ती पुन्हा माजावर आल्यासारखी वाटली, म्हणून 3 सप्टेंबरला दुसऱ्यांदा रेतन केले. पावतीवरून ती 10 जूनला विणार असे ठरले. परंतु ती 20 मेलाच व्याली. वासरू कमी दिवसांचे असेल तर ते लहान, आखूड केसांचे व अशक्त असते. येथे वासरू भरल्या अंगाचे, पुढचे दात वर आलेले व तासाभरात उभे राहिलेले आहे. तर 13 ऑगस्टचेच रेतन लागू पडले असे समजावे. 20 मे ही तारीख त्यापासून बरोबर 280 दिवसांवर येते. गाभण गाय क्वचित माज दाखविते, ही गोष्ट अनेकांस ठाऊक नसते. उलट पहिले रेतन वाया जाऊन दुसरे लागू पडले असेल आणि धन्याच्या ध्यानात फक्त पहिलेच असेल, तर तीन आठवडे दिवस उलटल्याचा भास होतो व इंजेक्शनची मागणी येते. एकवीस दिवसांचे अंतर असे बहुधा ओळखता येते. एकाच माजात दोन वळू लागले असतील, तर मोजणीने काहीही सांगता येणार नाही.

गावात तारखेपेक्षा सण लक्षात राहतो. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा धरल्यास म्हशीचे 310 दिवस म्हणजे साडेदहा मास होतात. अमावास्येस फळलेली म्हैस पौर्णिमेच्या आसपास विते. हा हिशेब चांगला आहे, मात्र अधिक मास विसरता कामा नये. 2026 साली ज्येष्ठ अधिक आहे. त्या वर्षीच्या वटपौर्णिमेस, 29 जूनला, विणारी म्हैस 23 ऑगस्ट 2025 च्या, म्हणजे पोळ्याच्या सुमारास फळलेली असते. केवळ महिन्यांची नावे मागे मोजणारा आषाढ अमावास्येवर पोहोचतो. त्या वेळी म्हैस माजावरही नव्हती असे घरचे सांगतात, आणि मग शेजाऱ्याच्या रेड्यावरून तंटा सुरू होतो.

शेळीचे गणित लहान आहे. गर्भकाळ सुमारे 150 दिवसांचा. पाच महिने मागे जावे. बोकड कळपात मोकळा असेल तर याहून अधिक खोलात जाण्यात अर्थ नाही.

दुभत्या जनावराच्या बाबतीत दोन तारखांपैकी कोणती खरी हे ठरतच नसेल, तर आटविण्यासाठी आधीची तारीख धरावी व तिच्यापूर्वी 60 दिवस दूध काढणे बंद करावे. गोठ्यावरील पहारा मात्र नंतरच्या तारखेच्या पुढे दहा दिवसांपर्यंत ठेवावा. तोवर गाय खात-पीत असेल, अंगावर ताप वा घाण वासाचा स्राव नसेल, तर तिला काहीही टोचू नये. पशुवैद्यकांस बोलावताना दोन्ही रेतनांच्या पावत्या हाताशी ठेवाव्या.