रिव्हॉल्वरची मूठ बदलताना

लहान रिव्हॉल्वरची मूठ म्हणजे चौकटीच्या दोन अंगांना स्क्रूने आवळलेल्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या. परवान्यावर मिळणारे भारतीय रिव्हॉल्वर बहुधा .32 बोअरचे असते. कानपूरच्या सरकारी कारखान्यातील जुने .32 मधोमध मोडून उघडते. 2014 साली आलेले ‘निर्भीक’ टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, वजनाने सुमारे 500 ग्रॅम. 2023 साली आलेल्या ‘प्रबल’चा सिलिंडर बाजूला निघतो. एकाची पट्टी दुसऱ्याला बसेल असे गृहीत धरून केलेली खरेदी बहुतेक वेळा वाया जाते.

मूठ बदलावीशी वाटते ती बहुधा दिसण्यासाठी, आणि घोटाळा तिथेच होतो. .32 चा धक्का मुळात सौम्य असतो. त्यामुळे धक्का शोषणारे जाड रबर हा काही पहिला निकष नव्हे; पहिला निकष बोटाची पोच. मूठ नेहमीसारखी धरल्यावर तर्जनी चापावर ताण न देता पोचली पाहिजे. घोडा न ओढता नुसत्या चापावर गोळी झाडायची तर चाप जड लागतो, म्हणून बोटाचे पहिले पेर चापावर नीट टेकणे बरे. पट्टी जाड झाली की पोच कमी पडते आणि बोट चाप ओढताना नळीही बाजूला ओढते. फार पातळ झाली तर रिव्हॉल्वर पंजात फिरते. पिंपरी-चिंचवडजवळच्या चाकणमध्ये असेंब्ली लाइनवर नट आवळायचा, हवेवर चालणारा नटरनर दिवसभर धरणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही: हत्यार मनगटाने सावरावे लागले की मूठ चुकली. चापाच्या कड्यामागची पोकळी भरलेली मूठ मधल्या बोटाचा सांधा वाचवते. बोटांच्या खाचा मात्र दुसऱ्याच्या पंजाच्या मापाने कोरलेल्या असतात. त्यापेक्षा सपाट मूठ चांगली.

पंजानंतर यंत्र. घोड्याची स्प्रिंग मुठीच्या आत असते. पट्टीची आतली बाजू तिला घासली तर घोडा पुरेशा जोराने पडत नाही आणि काडतूस फुटत नाही. मोडून उघडणाऱ्या जातीत डाव्या बाजूच्या उघडण्याच्या खटक्याला पट्टीची वरची कड आड येऊ नये. सिलिंडर बाजूला निघणाऱ्या जातीत रिकामी पुंगळी डाव्या पट्टीवर अडकत नाही ना, हे पाहावे. स्क्रू मूळचाच वापरावा. ही तपासणी रिव्हॉल्वर रिकामे करून, सिलिंडर दोनदा डोळ्यांनी पाहूनच करायची.

रबर हाताला घट्ट धरते, तसे शर्टालाही धरते. कमरेला कपड्याखाली बाळगणाऱ्याला ते त्रासाचे. अक्रोड किंवा शिसवी पट्टी कपड्यावरून सहज सरकते, पण पावसाळ्यात फुगते. मावळाकडून येणाऱ्या दमट हवेत आणि घामात खरा धोका पट्टीखाली असतो: चौकटीला तिथे गंज चढतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पावसाळ्यात पट्ट्या काढून पुसाव्यात आणि धातूला तेलाचा पातळ हात द्यावा. चामड्याच्या म्यानात रिव्हॉल्वर ठेवून देऊ नये.

राहिला प्रश्न पट्टी कोणी बसवून द्यायची हा. पिंपरी-चिंचवडच्या भोसरी एमआयडीसीत काय तयार होत नाही? म्हणूनच ओळखीच्या वर्कशॉपमध्ये रिव्हॉल्वर ‘मापाला’ ठेवून येण्याचा मोह इथे जास्त. शस्त्र कायदा 1959 नुसार शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि कायद्यातील ‘शस्त्र’ या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. परवाना नसलेल्या कारागिराकडे राहिलेले रिव्हॉल्वर मालक आणि कारागीर दोघांनाही अडचणीत आणते. पट्टी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडूनच घ्यावी, त्याच्याकडेच बसवावी आणि पावती परवान्याच्या कागदांत ठेवावी. 2018 पासून पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. चाकणही त्याच हद्दीत येते. शंका असेल तर पट्टी विकत घेण्याआधी तिथल्या शस्त्र परवाना शाखेत विचारावे. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बनवणे किंवा दुरुस्त करणे यासाठी किमान 7 वर्षांची शिक्षा आहे.